ग्रीकांचा सर्वसाक्षी देव: हेलिऑस

ग्रीक लोकांचा सूर्यदेव कोणता, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित गृहस्थास केला तर 'अपोलो' असें उत्तर बहुधा तत्काळ मिळेल. शाळेंतील इंग्रजी पुस्तकांनीं आणि इंग्रज कवींनीं हें उत्तर इतकें रूढ करून सोडलें आहे कीं, त्यांत शंका घेण्यास कांहीं जागा आहे हेंच सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. होमरच्या काव्यांतला अपोलो हा धनुर्धारी देव आहे. तो रोगराई पाठवितो, वीणा वाजवितो. परंतु आकाशांतून रथ हांकीत नाहीं. तें काम निराळ्याच एका देवाचें आहे आणि त्याचें नांव हेलिऑस. ग्रीक भाषेंत सूर्याला जो रोजचा, साधा शब्द आहे तोच हा. आपल्याकडे 'सूर्य' म्हटलें म्हणजे आकाशांतलें बिंबहि समजतें आणि देवहि समजतो, तसाच हा प्रकार आहे. किंबहुना हे दोन्ही शब्द मूळचे एकाच घराण्यांतले. संस्कृतांत शब्दाच्या आरंभीं जेथें 'स' असतो तेथें ग्रीकांत पुष्कळदां 'ह' येतो. 'सप्त'चें 'हेप्त' झालें तें याच नियमानें, व याच नियमाला अनुसरून भाषाशास्त्रज्ञ 'सूर्य' आणि 'हेलिऑस' हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज मानतात. वैदिक उषा व ग्रीकांची ईऑस यांचेंहि नातें असेंच आहे.

या हेलिऑसचें दैव मात्र मोठें चमत्कारिक. शपथ घ्यावयाची झाली म्हणजे सगळे त्याला साक्षीस बोलवीत, पण त्याचें देऊळ बांधण्याची आठवण फार थोड्यांना होई. आणि ज्या अथेन्स शहरांत त्याची पूजा बेताचीच होती, त्याच शहरांत तो देव आहे कीं नुसता तापलेला धोंडा आहे, या प्रश्नावर माणसांच्या जिवावर बेतण्याची पाळी आली.

हेसिऑडच्या देववंशवर्णनांत हेलिऑस हा हायपेरिऑन आणि थेया यांचा पुत्र असून चंद्रदेवता सेलेने व उषादेवता ईऑस या त्याच्या बहिणी आहेत. झ्यूस आणि ऑलिंपस पर्वतावरील त्याचा परिवार ही देवांची पुढली पिढी. हेलिऑस त्यांच्या आधींच्या टायटन कुळांतला. रोज पहांटे ईऑस पुढें जाते, मागोमाग चार घोड्यांच्या रथांत बसून हेलिऑस पूर्वसमुद्रांतून वर येतो, आणि दिवसभर आकाश आक्रमून पश्चिमेस पृथ्वीला वेढणार्‍या ओशनस नदींत उतरतो. येथवर सर्व ठीक झालें. परंतु पश्चिमेला बुडालेला देव दुसर्‍या दिवशीं पूर्वेला कसा उगवतो, ही अडचण जुन्या कवींनाहि जाणवली होती. मिम्नर्मस नांवाच्या इ. स. पूर्वीं सातव्या शतकांतील कवीनें तिची सोडवणूक केली आहे ती अशी: देवांचा लोहार हेफेस्टस यानें सोन्याची एक पोकळ शय्या घडविली असून तिला पंख आहेत. तीवर झोंपलेला हेलिऑस रातोरात पाण्यावरून पश्चिमेकडून इथिऑपियन लोकांच्या देशास पोंचतो. तेथें दुसरा रथ व घोडे त्याची वाट पाहात उभे असतात. या कवीला देवाची कींव आलेली दिसते. कारण रोजचा खटाटोप हाच हेलिऑसच्या वांट्यास आला, त्याला व त्याच्या घोड्यांना विसांवा म्हणून नाहीं, असें त्यानें म्हटलें आहे. इतर कवींनीं शय्येच्या ऐवजीं सोन्याचा मोठा पेला घातला. हाच पेला हेराक्लिसनें एकदां मागून घेतला व त्यांत बसून तो समुद्रापलीकडे राक्षसाचीं गुरें आणण्यास गेला. मातीच्या भांड्यांवरील जुन्या चित्रांत तो पेल्यांत बसलेला दिसतो. त्याचें डोकें व सोटा एवढेंच काय तें वर आलेलें आहे.

आकाशांतून जाणार्‍याला खालचें सगळें दिसणारच. त्यामुळें हेलिऑसचा मुख्य अधिकार साक्षीदाराचा. 'इलियड'च्या तिसर्‍या सर्गांत मेनिलेअस व पॅरिस यांच्या द्वंद्वयुद्धापूर्वीं दोन्ही सैन्यें करार करतात. त्या वेळीं सूर्याला पांढरा मेंढा व पृथ्वीला काळी मेंढी बळी द्यावयाची ठरते, आणि ॲगामेम्नॉन सर्व पाहणार्‍या व सर्व ऐकणार्‍या सूर्याला साक्ष ठेवून शपथ घेतो. डिमीटर देवीची मुलगी पर्सेफोने हिला पाताळाच्या राजानें पळवून नेलें, तेव्हां हेकाटे देवीला फक्त किंकाळी ऐकूं आली. प्रत्यक्ष पाहिलें तें हेलिऑसनें. नऊ दिवस हिंडून थकलेली आई दहाव्या दिवशीं त्याच्या घोड्यांपुढें जाऊन उभी राहिली आणि त्यानें जें घडलें तें सांगितलें. आफ्रोडाइटीचें व्यभिचाराचें प्रकरणहि यानेंच तिच्या नवर्‍याच्या, म्हणजे हेफेस्टसच्या, कानावर घातलें. पाहणें आणि सांगणें एवढेंच त्याच्याकडे. शासन करण्याचा अधिकार दुसर्‍यांचा.

ही त्याची मर्यादा 'ओडिसी'च्या बाराव्या सर्गांत फार स्पष्टपणें दिसते. थ्रिनाकिया नांवाच्या बेटावर हेलिऑसच्या गाईंचे सात कळप व मेंढ्यांचे सात कळप होते. प्रत्येकांत पन्नास जनावरें. त्यांना वासरें, कोंकरें होत नसत आणि तीं मरतहि नसत. या पन्नासांच्या सात कळपांत वर्षाचे साडेतीनशें दिवस व तितक्याच रात्री सुचविल्या आहेत, असा अर्थ जुन्या भाष्यकारांनीं लावला आहे, व त्यांत तथ्य दिसतें. ओडिसियसचें गलबत तेथें लागलें. त्यानें आपल्या माणसांकडून गुरांना हात न लावण्याची शपथ घेवविली. पण महिनाभर वारा प्रतिकूल राहिला, शिधा संपला, मासे व पांखरें धरून पोट भरेना. शेवटीं ओडिसियसला झोंप लागली आहे असें पाहून त्या भुकेल्या माणसांनीं निवडक गाई मारल्या. सळईवर लावलेलें मांस हंबरूं लागलें आणि सोललेलीं कातडीं सरपटूं लागलीं, असें कवि सांगतो.

आतां पाहा, हें सर्व जगाकडे पाहणार्‍या देवाच्या डोळ्यांदेखत व्हावयाचें. परंतु ही बातमी त्याला कळली ती त्याच्या मुलीनें जाऊन सांगितल्यावर. यावरून प्राचीन टीकाकारांनीं होमरला बरेंच धारेवर धरलें आहे. त्याहून मौजेचें म्हणजे हेलिऑसनें त्या माणसांना स्वतः जाळून टाकलें नाहीं. तो झ्यूसकडे फिर्याद घेऊन गेला आणि गाईंची भरपाई मिळाली नाहीं तर आपण पाताळांत उतरून मेलेल्यांना उजेड देऊं, अशी त्यानें धमकी दिली. आजच्या भाषेंत हिला संपाची नोटीस म्हणावयास हरकत नाहीं. झ्यूस घाबरला. त्यानें वीज टाकून गलबत फोडलें व एकट्या ओडिसियसखेरीज सगळे बुडाले.

या गाईंनीं पुढें गणितज्ञांनाहि छळलें आहे. आर्किमिडीजच्या नांवावर एक पद्यबद्ध उदाहरण आहे. जर्मन पंडित लेसिंग यानें तें १७७३ सालीं प्रसिद्ध केलें. सूर्याच्या कळपांत पांढर्‍या, काळ्या, कबर्‍या व पिंगट अशा चार रंगांचीं गुरें होतीं. बैलांचें व गाईंचें प्रमाण अमुक, कांहीं बैल एकत्र उभे केले तर चौरस होतो, कांहीं उभे केले तर त्रिकोण होतो. तर एकंदर गुरें किती? वरवर पाहतां तिसर्‍या-चौथ्या इयत्तेंतल्या हिशेबासारखें वाटणारें हें उदाहरण अखेरीस ज्या समीकरणापाशीं येऊन थांबतें, त्या जातीच्या समीकरणांस आपल्याकडे 'वर्गप्रकृति' म्हणतात. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें त्यांचा विचार केला असून भास्कराचार्यांच्या बीजगणितांत तीं सोडविण्याची 'चक्रवाल' रीति सविस्तर दिलेली आहे. आर्किमिडीजच्या उदाहरणाचें लहानांत लहान उत्तर २,०६,५४५ आंकड्यांचें येतें, हें १८८० सालीं एका जर्मन गणितज्ञानें दाखवून दिलें. आणि तें पुरें लिहून काढण्यास १९६५ साल उजाडावें लागलें, तेंहि कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत गणकयंत्राच्या साह्यानें. एवढीं गुरें कोणत्याहि बेटावर मावणार नाहींत हें उघड आहे.

असो. अशा या देवाची पूजा ग्रीसमध्यें कां झाली नाहीं? इ. स. पूर्वीं ४२१ सालीं ॲरिस्टोफेनिसनें 'शांतता' नांवाचें प्रहसन अथेन्समध्यें रंगभूमीवर आणलें. त्यांतील शेतकरी स्वर्गांत जाऊन चुगली करतो कीं, सूर्य आणि चंद्र हे दोघे ग्रीस देश इराणी लोकांच्या हवालीं करण्याचा कट करीत आहेत. कां, तर ग्रीक लोक इतर देवांना बळी देतात आणि परके लोक सूर्यचंद्रांना देतात! थट्टा म्हणून सोडून दिली तरी तींतून लोकमत कळतें. सूर्योपासना ही परक्यांची चाल होय, अशी अथेन्सकरांची समजूत होती. हिरोडोटसनेंहि इराणी लोकांविषयीं लिहितांना त्यांच्या सूर्यपूजेचा मुद्दाम उल्लेख केला आहे. ग्रीकांचे मोठे देव एकेका नगराचे पालक होते. अथेन्सची अथीना, आर्गसची हेरा. सूर्य पडला सर्वांचा, शत्रूच्या शेतावरहि सारखाच तळपणारा. तो आपल्याच नगराचा कैवार घेईल असा भरंवसा कोणी धरावा? कॉरिंथमध्यें पोसायडन व हेलिऑस यांचा जागेवरून तंटा झाला आणि पंचानें संयोगभूमि पोसायडनला व किल्ल्याचा डोंगर हेलिऑसला दिला, अशी कथा आहे. पण तो डोंगरहि पुढें आफ्रोडाइटीकडे गेला. स्पार्टाजवळील टेगेटस पर्वताच्या एका शिखरावर त्याला घोड्याचा बळी देत. अशीं दोनचार ठिकाणें सोडलीं तर बहुतेक ग्रीस मोकळा.

अपवाद एका बेटाचा. आशिया मायनरच्या नैर्ऋत्य टोंकाशीं ऱ्होड्स नांवाचें बेट आहे. तेथील डायागोरस नांवाच्या मुष्टियोद्ध्यानें इ. स. पूर्वीं ४६४ सालीं ऑलिंपिक सामन्यांत जय मिळविला, तेव्हां पिंडार कवीनें रचलेल्या स्तुतिकाव्यांत या बेटाची जन्मकथा आली आहे. देवांनीं पृथ्वीची वांटणी करण्यासाठीं चिठ्ठ्या टाकल्या, त्या वेळीं हेलिऑस नेहमींप्रमाणें कामावर होता आणि त्याच्या नांवाची चिठ्ठी टाकण्याचें कोणालाच सुचलें नाहीं. झ्यूसनें चूक कबूल करून वांटणी पुन्हां करण्याची तयारी दाखविली. हेलिऑस म्हणाला, नको. समुद्राच्या तळापासून एक सुपीक भूमि वर येत असलेली दिसते आहे, तेवढी माझी असूं द्या. त्याप्रमाणें पाण्यांतून ऱ्होड्स वर आलें. तेथील अप्सरेपासून त्याला सात पुत्र झाले, आणि त्यांपैकीं एकाच्या तीन मुलांच्या नांवांनीं लिंडस, इयालिसस व कॅमिरस हीं तीन नगरें वसलीं. कामांत गुंतलेल्याचा हिस्सा राहून जावा आणि तोच पुढें सर्वांत चांगला निघावा, हा या कथेंतला भाग मोठा समाधानकारक आहे.

इ. स. पूर्वीं ४०८ सालीं या तिन्ही नगरांनीं एकत्र येऊन बेटाच्या उत्तर टोंकाला ऱ्होड्स हें नवें शहर वसविलें. तीन गांवांचीं तीन जुनीं दैवतें. नव्या शहराचा देव कोणता करावयाचा? सर्वांचा समाईक असा एक हेलिऑसच होता. इतर नगरांत ज्या गुणामुळें तो उपेक्षित राहिला, त्याच गुणामुळें येथें तो पाटावर बसला, असें म्हणावयास हरकत नाहीं. ऱ्होड्सच्या नाण्यांवर एका बाजूस त्याचा भरगच्च केसांचा मुखवटा व दुसर्‍या बाजूस गुलाबाचें फूल असे; ग्रीक भाषेंत गुलाबाला 'ऱ्होडॉन' म्हणतात, त्यावरची ही कोटि आहे. वर्षाची ओळख हेलिऑसच्या त्या वर्षींच्या पुजार्‍याच्या नांवानें दिली जाई. ऱ्होड्सचा दारूचा व्यापार मोठा होता. दारूच्या रांजणांच्या कानांवर या पुजार्‍यांच्या नांवांचे शिक्के आहेत आणि असे फुटके कान ईजिप्तपासून काळ्या समुद्राच्या किनार्‍यापर्यंत हजारोंनीं सांपडले आहेत. त्यांवरून पुराणवस्तुसंशोधक आज कालनिर्णय करतात. दरवर्षीं चार घोड्यांचा एक रथ हेलिऑससाठीं समुद्रांत लोटीत असत, असेंहि एका रोमन ग्रंथकारानें नमूद केलें आहे. जुना रथ वर्षभरांत झिजला असेल, अशी त्यांतली कल्पना असावी.

या बेटावर इ. स. पूर्वीं ३०५ सालीं मोठें संकट आलें. अलेक्झांडरच्या मागें त्याच्या सरदारांत जीं भांडणें लागलीं, त्यांत ऱ्होड्सनें ईजिप्तच्या टॉलेमीशीं असलेली मैत्री सोडण्याचें नाकारलें. म्हणून अँटिगोनसचा मुलगा डिमीट्रियस प्रचंड आरमार घेऊन चालून आला. वेढे घालण्यांत त्याचा इतका लौकिक होता कीं 'पुरें जिंकणारा' हेंच त्याचें उपनांव पडलें. त्यानें चाकांवर चालणारा, लोखंडी पत्रे ठोकलेला नऊ मजली मनोरा उभारला आणि तो तटाला भिडविला. शहर छोटें, पण लोक जिद्दीचे. जे गुलाम लढतील त्यांना स्वातंत्र्य व नागरिकत्व देण्याचें त्यांनीं ठरविलें, आणि मेलेल्यांच्या मुलांचा संभाळ सरकारी खर्चानें करण्याचें वचन दिलें. वर्षभर झुंजूनहि तट हातीं येईना, तेव्हां इ. स. पूर्वीं ३०४ सालीं डिमीट्रियस तह करून निघून गेला. तो मागें टाकून गेलेलीं यंत्रें विकून तीनशें टॅलंट रक्कम आली, व तींतून नागरिकांनीं आपल्या देवाची मूर्ति उभारण्याचें ठरविलें.

लिंडसचा कॅरीस हा तिचा शिल्पकार. लिसिपस या विख्यात मूर्तिकाराचा तो शिष्य. काम बारा वर्षें चाललें. मूर्तीची उंची सत्तर हात, म्हणजे शंभर फुटांहून कांहींशी अधिक होती. बाहेरून कांसें, आंत लोखंडी पहारा व दगडांची भर अशी तिची रचना होती. बंदराच्या तोंडावर दोन्ही कांठांना पाय देऊन ती उभी असे आणि गलबतें पायांखालून जात, असें जें चित्र पुस्तकांतून छापतात तें मात्र मध्ययुगांतील लोकांच्या कल्पनेंतून निघालेलें आहे. एवढ्या अंतरावर पाय फांकून कांशाची मूर्ति उभी राहणें शक्य नाहीं, आणि ती बांधतांना बारा वर्षें बंदर बंद ठेवणें व्यापारी शहराला परवडलेंहि नसतें. जगांतील सात आश्चर्यांत गणली गेलेली ही मूर्ति साठ वर्षेंहि टिकली नाहीं. इ. स. पूर्वीं २२६ च्या सुमारास धरणीकंप झाला आणि ती गुडघ्यांत मोडून पडली. ईजिप्तच्या राजानें दुरुस्तीसाठीं पैसे देऊं केले. परंतु देववाणी प्रतिकूल झाल्यामुळें ऱ्होड्सकरांनीं ती पुन्हां उभी केली नाहीं. पहिल्या शतकांत प्लिनी लिहितो कीं, पडलेल्या मूर्तीच्या आंगठ्याला मिठी मारतां येईल अशीं माणसें थोडीं. पुढें सातव्या शतकांत अरबांनीं बेट घेतलें व तें कांसें एडेसाच्या एका ज्यू व्यापार्‍याला विकलें, तें नेण्यास नऊशें उंट लागले, अशी हकीकत एका बायझंटाइन बखरींत आहे. घटनेनंतर दीडशें वर्षांनीं लिहिलेल्या या बखरींतल्या उंटांच्या संख्येवर किती विसंबावें हा प्रश्नच आहे.

हेलिऑसच्या मुलांत फेथॉन सर्वांत प्रसिद्ध. सूर्य आपला बाप नव्हे असें सोबत्यांनीं हिणविल्यावरून तो बापाच्या वाड्यांत जातो, खूण म्हणून एक दिवस रथ हांकण्याची परवानगी मागतो, आणि घोडे अनावर होऊन पृथ्वी जळूं लागते, तेव्हां झ्यूस त्याला वीज टाकून मारतो. पितृत्वाच्या संशयानें पोळलेला हा सूर्यपुत्र पाहून आपल्या वाचकांस कर्णाची आठवण व्हावी हें साहजिक आहे. पण कर्णाचें औदार्य किंवा त्याची कर्तबगारी येथें शोधूं नये, हा केवळ अविचारी पोरगा आहे. एरिडेनस नदीच्या कांठीं रडतां रडतां त्याच्या बहिणींचे वृक्ष झाले आणि त्यांच्या आंसवांपासून तृणमणि बनला. तृणमण्याला ग्रीक शब्द 'इलेक्ट्रॉन'. तो घासला असतां हलक्या वस्तु ओढून घेतो, यावरून युरोपांत विजेला जें नांव पडलें तें आज घरोघर चालतें.

आतां अथेन्सकडे वळावयाचें. क्लाझोमेनी गांवचा अ‍ॅनॅक्सागोरस हा तत्त्वज्ञ तेथें येऊन पुष्कळ वर्षें राहिला होता. पेरिक्लीस त्याचा मित्र व शिष्य. इ. स. पूर्वीं ४६७ च्या सुमारास ईगॉस्पॉटमी येथें दिवसाढवळ्या आकाशांतून गाडाभर आकाराचा धोंडा पडला, तेव्हां आकाशांतल्या ज्योति म्हणजे वेगानें फिरणारे तापलेले दगड आहेत, या अ‍ॅनॅक्सागोरसच्या मताला मोठाच आधार मिळाला असला पाहिजे. सूर्य हा धगधगणारा गोळा असून तो पेलॉपोनीज द्वीपकल्पाहूनहि मोठा आहे, असें त्याचें म्हणणें. चंद्राला प्रकाश सूर्यापासून मिळतो व ग्रहणें सावलीनें होतात, हेंहि त्यानें ओळखलें होतें. आज आपणांस ठाऊक आहे कीं सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारें १०९ पट आहे. पेलॉपोनीज म्हणजे फारच थोडें झालें. तथापि त्या काळीं तेवढेंहि ऐकवेना. देवांना न मानणार्‍यांवर व आकाशस्थ गोष्टींविषयीं शिकविणार्‍यांवर फिर्याद करतां यावी, असा ठराव डायोपीथिस नांवाच्या एका गृहस्थानें लोकसभेपुढें आणला, व अ‍ॅनॅक्सागोरसवर खटला झाला. फिर्यादींचा रोंख बराचसा पेरिक्लीसवर होता, हें प्लूटार्कनें लपवून ठेवलेलें नाहीं. खटल्याच्या हकीकती एकमेकींशीं जुळत नाहींत. कोणी म्हणतात दंड झाला, कोणी म्हणतात गैरहजेरींत देहान्ताची शिक्षा सांगितली. एका हकीकतींत त्याच्यावर इराणशीं संधान बांधल्याचाहि आरोप आहे! इराणी लोक सूर्याला देव मानीत. त्यांच्या बाजूचा म्हणून ज्याला हिणवावयाचें तो सूर्याला धोंडा म्हणणारा. पण जमावाच्या रागाला एवढी सुसंगति कधीं लागत नाहीं. म्हातारा तत्त्वज्ञ अथेन्स सोडून लॅम्प्सॅकस येथें गेला व तेथेंच वारला. मरतांना, तुमच्या स्मरणार्थ काय करावें, असें तेथील अधिकार्‍यांनीं त्याला विचारलें. माझ्या मृत्यूच्या महिन्यांत दरवर्षीं मुलांना खेळावयास सुटी द्या, एवढेंच त्यानें मागितलें. आणि ती चाल पुढें कित्येक शतकें चालू होती.

याच आरोपाचा पडसाद इ. स. पूर्वीं ३९९ सालीं सॉक्रेटिसच्या खटल्यांत उमटला. सूर्य दगड आहे व चंद्र माती आहे असें हा म्हणतो, असें फिर्यादी मेलेटस म्हणाला. सॉक्रेटिसनें उत्तर दिलें तें प्लेटोनें नोंदविलें आहे. तूं अ‍ॅनॅक्सागोरसवर फिर्याद करतोस असें तुला वाटतें काय? त्याचें पुस्तक बाजारांत फार तर एका ड्राक्म्याला मिळतें. तीं मतें माझीं म्हणून मीं मुलांना शिकविलीं तर तीं मला हंसणार नाहींत काय? न्यायाधीशांनीं त्याला दोषी ठरविलें व विषाचा पेला प्यावयास लावला. या माणसाविषयीं प्लेटोच्याच दुसर्‍या एका संवादांत अल्सिबायडीस पुढील आठवण सांगतो. पॉटिडिया शहराच्या मोहिमेंत सैन्याचा तळ पडला असतां सॉक्रेटिस एके सकाळीं विचारांत गढून एका जागीं उभा राहिला. दुपार झाली, संध्याकाळ झाली. हा हललाच नाहीं. कांहीं शिपायांनीं बिछाने बाहेर आणून टाकले आणि हा रात्रभर उभा राहतो कीं काय हें पाहात ते पडून राहिले. तो रात्रभर उभा राहिला. पहांट होऊन सूर्य उगवला तेव्हां त्यानें सूर्याला प्रार्थना केली व तो चालूं लागला.

पुढच्या शतकांत सेमॉसचा ॲरिस्टार्कस सूर्य मध्यें असून पृथ्वी त्याच्याभोंवतीं फिरते असें म्हणाला. त्याच्यावरहि देवनिंदेचा खटला भरावा, असें क्लिअँथिस नांवाच्या तत्त्वज्ञाचें मत पडलें. तो भरल्याची नोंद मात्र नाहीं.

अपोलो आणि हेलिऑस एकच होत, ही कल्पना कवींच्या व तत्त्वज्ञांच्या मंडळींत निघाली. युरिपिडीसच्या 'फेथॉन' नाटकाचे जे तुकडे उरले आहेत त्यांत ती आढळते. देवळांतून मात्र दोघे बराच काळ वेगळे राहिले. पार्थेनॉनच्या पूर्वेकडील शिल्पांत समुद्रांतून वर येणारा रथ हेलिऑसचाच आहे. रोमन अमदानींत हें मिश्रण पुरें झालें आणि सूर्याचें माहात्म्य एकाएकीं वाढलें. सम्राट ऑरेलियन यानें इ. स. २७४ मध्यें 'अजिंक्य सूर्या'चें भव्य देऊळ रोममध्यें बांधलें. कॉन्स्टंटाइननें ३२१ मध्यें सूर्याचा वार हा विश्रांतीचा दिवस ठरविला. ज्युलियन बादशहा ३६२ च्या अखेरीस 'राजा हेलिऑस' याचें स्तोत्र लिहीत बसला होता. पुढल्याच वर्षीं इराणच्या स्वारींत तो मारला गेला आणि जुन्या देवांचा शेवटचा राजाश्रय संपला.

तत्पूर्वींच हेलिऑस पूर्वेकडेहि येऊन गेला होता. बॅक्ट्रियांत इ. स. पूर्वीं दुसर्‍या शतकांत प्लेटो याच नांवाचा एक ग्रीक राजा झाला. त्याच्या रुप्याच्या नाण्यावर चार घोड्यांच्या रथांतला हेलिऑस आहे. कनिष्काच्या आरंभींच्या नाण्यांवर प्रभामंडल असलेली एक देवमूर्ति असून शेजारीं ग्रीक भाषेंत 'हेलिऑस' असें नांव आहे. थोड्याच दिवसांत राजानें ग्रीक भाषा टाकून बाख्त्री भाषा घेतली. मूर्ति तीच ठेवली आणि नांव मात्र 'मीरो', म्हणजे आपला वैदिक मित्र व इराण्यांचा मिथ्र, असें घातलें. ऋग्वेदांत सूर्याचे घोडे सात. परंतु बोधगयेच्या जुन्या कठड्यावर कोरलेल्या सूर्याच्या रथाला घोडे चार आहेत आणि दोन्ही बाजूंस धनुष्य घेतलेल्या स्त्रिया अंधार विंधीत उभ्या आहेत. हे चार घोडे ग्रीकांकडून आले, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे.

मळवलीजवळील भाजें येथील लेण्यांतहि, विहाराच्या व्हरांड्यांत, चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे. रथांत एक पुरुष व दोन स्त्रिया असून चाकांखालीं अवाढव्य राक्षस चिरडले जात आहेत. काम ख्रिस्तपूर्व काळचें आहे. रथांतला पुरुष सूर्य होय व राक्षस म्हणजे अंधार होय, असें बहुतेक जण सांगतात. कित्येकांना त्यांत मांधाता राजाची कथा दिसते. दगडावर नांव कोरलेलें नाहीं.